शेकाट्यांचा कच्चा काठ

आमच्या ह्यांच्या तावडीतून कोणी उपाशीपोटी सुटलेलं मला माहीत नाही. सिलिंडर घेऊन येणारा, मीटर पाहायला येणारा, चुकून आमची बेल दाबलेला वरच्या मजल्यावरचा पाहुणा, सगळे आमच्याकडे काही ना काही खाऊन गेलेत. "नाही काकाजी, आताच जेवून आलो," असं कोणी म्हटलं की ह्यांना ते खोटंच वाटतं. मग आग्रह सुरू. आग्रह कसला, धरपकडच ती. गॅलरीत खारींसाठी शेंगदाणे, कावळ्यांसाठी भाताचा गोळा, खाली गायीसाठी पोळी. कॉलनीतल्या कुत्र्यांचा तर ह्यांच्यावर इतका हक्क, की हे गावाला गेले तर ती कुत्री माझ्याकडे रागानं बघतात. जशी काही मीच ह्यांना कुठं लपवून ठेवलंय.

ह्यामागचं कारण मला ठाऊक आहे, म्हणून मी फार बोलत नाही. हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एकटा माणूस. सिग्नल मिळाला नाही की गाडी शेताच्या मधोमध तासन् तास उभी. सकाळी मी भरून दिलेला डबा हे कुठल्या तरी जंगलाच्या कडेला, अंधार पडता पडता, एकटे बसून खायचे. एकदा मला म्हणाले होते, एकट्यानं जेवणं म्हणजे जेवण नाही, नुसता कोळसा टाकणं आहे. तेव्हा रिटायर झाल्यावर ह्यांनी सगळ्या दुनियेला पंगतीत बसवायचं ठरवलं असेल, तर असो बापा.

आमचा सगळा जन्म रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात गेला. घराबाहेर पडलं की मराठी, दुकानात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. पण तिथले जिने माझ्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून आम्ही तेलीबांध्याच्या पुढे, नव्या रायपूरच्या रस्त्याकडच्या एका कॉलनीत लिफ्टवाला फ्लॅट घेतला. कॉलनीच्या मागं एक जुनं गाव आहे, शहरानं चारी बाजूंनी वेढलेलं. त्या गावाचा तालाब आमच्या गॅलरीतून दिसतो. एका बाजूला पचरी, म्हणजे घाटाच्या पायऱ्या. तिथं बाया कपडे धुतात, माणसं आंघोळी करतात. दोन बाजूंना नुसतं गवत. आणि आमच्या बाजूचा कोपरा म्हणजे पसरट उताराचा चिखल. त्या उतारानं गावातल्या म्हशी पाण्यात जातात. उन्हाळ्यात तालाब आटत जातो, कडेचा चिखल रुंद होत जातो, मग कधी तरी नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी सोडतात आणि तो पुन्हा भरतो.

ह्या तालाबाभोवती फिरायची पट्टी व्हावी ही मागणी आमची. आमची म्हणजे माझी. डॉक्टर म्हणतो चाला. चालायचं कुठं? रस्त्यावर डंपर असे धावतात की माणूस फिरायला निघून थेट स्वर्गात पोचावा. ह्यांची शुगर, माझे गुडघे. तेव्हा हे कॉलनीच्या समितीत सेक्रेटरी झाले आणि ह्यांनी जे ऑफिसांचे उंबरे झिजवले, काय सांगू. मी स्वतः सरकारी ऑफिसात नोकरी केलेली, मला ठाऊक आहे तिथं काम कसं हलतं. पण ह्यांनी हलवलं. बाबू लोकांना अनारसे नेऊन खाऊ घातले असतील, मी विचारलं नाही. तालाबाचं सौंदर्यीकरण मंजूर झालं. चारी बाजूंनी दगडी बांध, वर फरशीची पट्टी, बाकं, दिवे. नहराचं पाणी यायच्या आत बांध पुरा करायचा होता, कारण तालाब भरला की काम होत नाही. मंजुरीची बातमी आली त्या दिवशी ह्यांनी कॉलनीभर जिलबी वाटली, आणि मला म्हणाले, दिवाळीत तू अन् मी पूर्ण चक्कर मारू. मी इतकी खूश झाले होते की नवीन बूट आणले.

आणि मग चैत्राच्या उन्हात त्या चिखलाच्या कोपऱ्यात एक जोडपं राहायला आलं.

पांढरं शुभ्र अंग, काळे पंख, सुईसारखी काळी चोच आणि पाय म्हणजे काय पाय! गुलाबी, लांबच लांब, वरचं शरीर सांभाळतील का ह्याची काळजी वाटावी असे. हे त्यांना लंबूटांगे म्हणायला लागले. आमची पोट्टी समुद्रकिनाऱ्यावर राहते, आंध्राकडे, एका नदीच्या मुखाशी. पाणथळीतल्या पक्ष्यांच्या पिल्लांवर अभ्यास करते. ह्याला नोकरी म्हणतात हे मला पटायला बरीच वर्षं लागली. तिला फोटो पाठवला तर ती म्हणाली, शेकाट्या. आणि ती मागच्या दिवाळीत विसरून गेलेली दुर्बीण कपाटात असल्याची तिनं आठवण करून दिली. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

चिखलात एका ढेकळाच्या उंचवट्यावर त्यांनी चार अंडी घातली होती. दुपारी आमच्या रायपूरचं ऊन म्हणजे तवाच. तर तो पक्षी उठायचा, पाण्यात जाऊन पोट बुडवायचा आणि ओलं पोट घेऊन परत अंड्यांवर येऊन बसायचा. हे पाहिलं तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, पाह्य, याले म्हणतात माय. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, मी चहा दिला तरी दुर्बीण खाली नाही. मी म्हटलं, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही इतक्या उत्सुकतेनं बघत नव्हतात.

पिल्लं निघाली आणि सगळं बिनसलं.

चार पिल्लं, मातीच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. अंड्यातून निघून अंग वाळतं न वाळतं तोच ती चालायला लागली. हे सकाळपासून वाट बघत होते की आता माय चोचीत काहीतरी आणेल, आता भरवेल. चिमणी भरवते, कबुतर भरवतं, कावळा भरवतो. पण हिनं काही म्हणजे काही आणलं नाही. पिल्लं चिखलात धडपडत फिरताहेत, आणि ही बाजूला उभी राहून मान वर करून आकाशाकडे बघतेय. दुसरा दिवस, तेच. तिसरा दिवस, तेच. हे अस्वस्थ. जेवणावरून वासना उडाली. मला हाका मारून मारून दाखवायचे. काल जिला माय म्हणून डोळे पुसले होते तिला आज शिव्या सुरू. कशी बाई आहे, पोट्ट्यायले एक घास नाही भरवत! मी हसले तर माझ्यावरही चिडले. आता पक्षिणीच्या संसारात मी काय बोलणार? मी म्हटलं, तिची सासू नाही जवळ, म्हणून असेल.

हे माझं बोलणं ह्यांनी थट्टा म्हणून घेतलं नाही, हे मला दुपारी कळलं. मी जरा पडले होते. उठून बघते तर न्हाणीघरात निळा टप, टपात थोडं पाणी, आणि पाण्यात एक पिल्लू उभं. हे समोर पाटावर बसलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. भोवती वाट्या. एका वाटीत मऊ भात, एकीत सत्तू कालवलेलं, एकीत उकडलेल्या अंड्याचा बलक, एकीत भिजवलेली खसखस. वरणही होतं, त्यावर तुपाची धार. पाखराला तूप! मी कपाळावर हात मारला. हे काडीच्या टोकाला भात लावून त्याच्या चोचीपुढे धरून राहिले होते, आणि तोंडानं तेच, जे आमच्या पोट्टीला भरवताना म्हणायचे, हा घास काऊचा, हा घास चिऊचा. ते पिल्लू काही चोच उघडेना. ते टपाच्या तळाला टोचत होतं. तळाला टपाचाच एक काळा ठिपका होता, त्यालाच पुन्हा पुन्हा टोचायचं, मग थांबायचं.

त्या पिल्लाची ती चिकाटी बघून मला भडभडून आलं. राग विसरून मी पोट्टीला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं हीच काही सांगेल. तिनं टप पाहिला आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं लाइन गेली. मग जी काही तिनं बापाची खरडपट्टी काढली! आधी हिंदीत, मग आमच्या मराठीत. उचललं कशाला, विचारलं कोणाला, असं करायची परवानगीच नाही. हे पुटपुटले, त्याची माय त्याले काही खाऊच घालत नाही, म्हणून आणलं.

"बाबा, ती माय आहे का बाप, हे तरी तुमाले माहीत आहे काय?" ती म्हणाली. "दोघंही बसतात अंड्यावर. अन् दोघंही भरवत नाही. यायच्यात कोणीच भरवत नाही. पिल्लू पहिल्या दिवसापासून आपलं आपण वेचून खाते. तुमी त्याले उपाशी मारून राहिले."

ह्यांच्या हातातली काडी तशीच राहिली. उपाशी मारून राहिले, हे वाक्य आमच्या ह्यांना! मी पुढचं काही ऐकलं नाही. पिल्लाला ओल्या पंच्यात घेतलं आणि आम्ही दोघं भर उन्हात तालाबावर. माझे गुडघे त्या दिवशी कुठं गेले होते कोण जाणे. चिखलात पाय टाकला तोच ते जोडपं किक्-किक् करत आमच्या डोक्यावरून घिरट्या घालायला लागलं. टकलावर चोच बसते की काय, असं ह्यांना वाटत होतं. ह्यांनी पंचा उघडला. पिल्लू उतरलं, दोन पावलं गेलं, थांबलं आणि चिखलात चोच मारली. मग पुन्हा. मग पुन्हा. काय खात होतं ते दिसेना, पण गिळत होतं. हे तिथंच उकिडवे बसले. मी म्हटलं, उठा, ते तुम्हाला भीत आहेत. तर हे उठले आणि घरी येऊन ह्यांनी त्या सगळ्या वाट्या स्वतः घासल्या.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचं बघणं बदललं. आता पोट्टी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून विचारायची, काय पाहिलं? आणि हे सांगायचे. मीही ऐकायला लागले. हळूहळू मलाही चटक लागली. पहिले दिवस पिल्लं पाण्यात जातच नव्हती. ओल्या चिखलावर धावायची, थांबायची, टोचायची. चिखलावर जे इवलेसे माशीसारखे किडे बसतात, त्यांच्या अळ्या असतात, ते वेचायला. बहुतेक वेळा नेम चुकायचा. काडी उचलायची, टाकून द्यायची. खडा उचलायचा, टाकून द्यायचा. आठवड्याभरात चुका कमी झाल्या. मग पिल्लू घोट्याइतक्या पाण्यात, पाय वाढले की आणखी थोडं आत. ऊन चढलं की आई किंवा बाप, कोण असेल ते, पाय वाकवून बसायचा आणि चारही पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरायची. खाली नुसते पायच पाय. घार दिसली की आरोळी, की पिल्लं जिथल्या तिथं चिखलाला चिकटून मातीच होऊन जायची. एवढंच आईबापांचं काम. सावली धरायची, ओरडून सांगायचं, आणि त्याआधी जागा नीट निवडायची.

पोट्टी म्हणाली, तिच्याकडच्या किनाऱ्यावर पिल्लांसाठी समुद्र रोज ओहोटीला ताट मांडतो. पाणी मागं सरकलं की ओल्या वाळूत खायला मिळतं. आपल्याकडे उन्हाळा हीच ओहोटी. तालाब आटत जातो, रोज एक बोटभर नवा चिखल उघडा पडतो, तेच त्यांचं जेवण. आणि हा उतार हवाच. पिल्लाचे पाय रोज वाढतात, त्याला रोज जरासं खोल पाणी लागतं. सरळ भिंत असली की एक तर कोरडं नाही तर बुडणारं. मध्ये काही नाही.

हे बोलता बोलता ती थांबली. म्हणाली, बाबा, ते दगड कशाचे दिसून राहिले मागं?

दगड त्याच दिवशी उतरवले होते. ट्रक येऊन कोपऱ्यापासून थोड्या अंतरावर ढीग लावून गेला होता. ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि आत गेले. तिला मीच सांगितलं. तुझ्या बापानं वर्षभर खेटे घालून मंजूर करून आणलेत ते दगड, तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी.

रात्रीचं जेवण झाल्यावर हे म्हणाले, तो कोपरा सोडा म्हणून सांगतो. आणि माझं डोकं फिरलं. मी कोणापासून लपवत नाही, मी चांगली भांडले. म्हटलं, आधी माझे गुडघे बघा. चार पाखरं आली आणि तुम्ही माझी पट्टी सोडायला निघालात? चक्कर पुरी झाली नाही तर ती चक्कर कसली? काम महिनाभर पुढं ढकला, मी म्हटलं. हे म्हणाले, नहराचं पाणी आलं की काम होत नाही, म्हणून ठेकेदार आत्ताच करणार. आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोणी आलं तर त्यांनी कुठं जायचं? मी म्हटलं, तुमच्या न्हाणीघरात. ह्यावर हे हसले नाहीत. मलाही मग बरं वाटलं नाही.

रविवारी समितीची मीटिंग झाली, खाली पार्किंगच्या बाजूच्या खोलीत. हे उभे राहिले आणि हिंदीत सुरुवात केली. पक्षी, पिल्लं, चिखल, उतार. कोणीतरी म्हणालं, चिखलानं मच्छर होतात. कोणी म्हणालं, साप येतात. एकजण म्हणाला, भैया, हम ट्रैक आदमी के लिए बना रहे हैं या चिड़िया के लिए? सगळे हसले. हे चिडले की हिंदी सुटते, तशी सुटली.

"मी त्यायले भरवून पाह्यलं. माझ्या हातचं खात नाही ते. त्यायचं ताट म्हणजे तो चिखल आहे, अन् आपण त्याच्यावर दगड मांडून राहिलो."

खोलीत निम्म्यांना तरी मराठी कळते. पण ते पुन्हा हसले. एकानं विचारलं, काका, पंगत कधी आहे? आणि तिथं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा माझा आहे. त्याला हसायचं असेल तर मी हसेन, हा अधिकार मी लग्नाच्या दिवसापासून कमावलाय, तुम्ही कोण? मी उठले आणि म्हटलं, ट्रॅक मागितला होता मी, माझ्या पायांसाठी. मीच म्हणतेय, तो कोपरा सोडा, मी तिथून मागं फिरेन. मग हात वर करायला सांगितले. आमच्या बाजूनं आम्हा दोघांचे आणि एका नव्या सुनेचा. ती सासूकडे न बघता हात वर करून बसली होती, तिला मी अजून मानते. काम सोमवारी सुरू करायचं ठरलं.

तिथून निघाले ते हे घरी आले नाहीत. मला वाटलं तालाबावर गेले असतील. हे गेले होते गावात. आम्ही इथं राहायला आल्यापासून ह्या गावातल्या एकाही घरात पाय ठेवला नव्हता. पचरीवर रोज कपडे धुणारी एक म्हातारी आहे, सगळे तिला दाई, म्हणजे आई, म्हणतात, घरी चार म्हशी. तिच्या दारात जाऊन हे उभे राहिले. पक्ष्यांचं सांगायला लागले तर ती नुसती हव, हव, म्हणजे हो, हो, करत होती. मग ह्यांनी सांगितलं की त्या कोपऱ्यात दगडाची भिंत होणार आहे. तेव्हा ती उठून बसली. पथरा म भइंसी कइसे उतरही, बाबू? दगडावरून म्हैस उतरेल कशी? गावाला वाटत होतं दगड फक्त गवताच्या बाजूंना लागणार आहेत. म्हशींच्या उताराचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग दाईनं शेजारपाजारच्यांना हाका मारल्या आणि ह्यांना बसवलं. दुपारची वेळ, त्यांच्याकडे उन्हाळ्यात बोरे खातात, म्हणजे पाण्यात घातलेला भात, सोबत कांदा आणि कैरीची चटणी. काशाच्या थाळीत तिनं ह्यांच्यासमोर वाढलं. ह्यांना भात वर्ज्य. आणि हे, जे दुसऱ्याच्या घरी वाढपी होऊन उभे राहतात पण पाटावर बसत नाहीत, मुकाट्यानं बसले आणि जेवले. तिनं दुसऱ्यांदा वाढलं, तेही खाल्लं. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा शुगरवरून काही बोलायचं माझ्या जिवावर आलं.

सोमवारी सकाळी पार्षद, म्हणजे आमच्या वॉर्डाचा नगरसेवक, तालाबावर हजर. मागं अख्खा पारा, म्हणजे गावातली सगळी वस्ती, आणि पाऱ्यामागं खरोखरच्या म्हशी. पार्षदानं घाम पुसत सगळं ऐकलं. शेकाट्यांचं नाव कोणी काढलं नाही, हे सुद्धा शहाण्यासारखे गप्प उभे राहिले. पाऱ्याला मतं आहेत आणि पाऱ्याच्या म्हशी आहेत. कोपरा जसा आहे तसा राहील, म्हशींसाठी उतार, असं तिथल्या तिथं ठरलं आणि ठेकेदाराचे दगड उरलेल्या दोन बाजूंना लागले. हे मला म्हणाले, आपले शेकाटे म्हशीच्या तिकिटावर गेले. गार्ड असताना बिनतिकीट कोणाला ब्रेकव्हॅनमध्ये बसू दिलं नाही, आणि आता बघा.

कॉलनीत आमच्यावर राग राहिला. ह्यांचं सेक्रेटरीपण गेलं. पट्टी आजही अर्धवट आहे. मी कोपऱ्यापर्यंत जाते, मागं फिरते, आणि मागून येणाऱ्या बाया मला ऐकू येईल असं काहीबाही बोलतात. बोलोत.

कोपरा वाचला म्हणजे पिल्लं वाचली असं नाही. एक घारीनं नेलं, आमच्या डोळ्यांदेखत. हे हातातली काठी घेऊन धावले, पण घार ती घार. दुसरं एका सकाळी नव्हतंच. राहिली दोन. मग नहराचं पाणी आलं. गावात आनंद, पचरीवर बाया पाण्यात उतरून एकमेकींवर पाणी उडवत होत्या, आणि आमचे हे काठावर देव आठवत उभे. दगडाच्या बाजूंना पाणी भिंतीशी येऊन सरळ वर चढलं. तिथं चिमणीला पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या कोपऱ्यात मात्र ते पसरलं, पातळ, मातीवरून सावकाश वर सरकत. त्याची कड रोज थोडी वर यायची आणि वाळलेला चिखल पुन्हा ओला व्हायचा. ती दोन पिल्लं त्या कडेबरोबर मागं मागं येत टोचत राहिली. त्यांच्या शेजारी म्हशी डुंबत होत्या. म्हैस हलली की चिखलातून किडे वर येत असावेत, कारण पिल्लं मुद्दाम म्हशीच्या मागं जायची. दोन्ही पिल्लं पंख पसरून धावायची, उडी मारायची आणि तोंडावर पडायची. हे गॅलरीतून ओरडायचे, अजून, अजून.

मग एका सकाळी कोपरा रिकामा. म्हशी होत्या, बगळे होते. शेकाटे नव्हते, पिल्लंही नाहीत. ह्यांनी दुर्बीण फिरवून फिरवून पाहिलं. कुत्र्यानं नेलं असेल, हे म्हणाले, दोन्ही नेली असतील. मी ह्यांना घेऊन खाली गेले. पचरीवर दाई कपडे आपटत होती. आम्हाला बघून ती थांबली, ओला हात वर करून तिनं तालाबापलीकडे, नव्या रायपूरच्या दिशेला दाखवलं.

"उड़ागे, बाबू," ती म्हणाली. "चारों झन."

चौघंही उडून गेले, आईबाप आणि दोन्ही पिल्लं. हे त्या उताराच्या मातीत मटकन बसले. मी घाबरले, खांद्याला हात लावला तर खांदे हलत होते. रडत होते आणि हसतही होते.

"अवं," मला म्हणाले, "माझ्या हातचा एक दाणा नाही खाल्ला त्यायनं. एक दाणा नाही."

मी ह्या माणसाला जन्मभर लोकांच्या पानात वाढताना पाहिलंय. समोरचा पोटावरून हात फिरवेपर्यंत ह्यांना चैन पडत नाही, आणि तो फिरवला की ह्यांच्या तोंडावर जे समाधान येतं ते मी हजार वेळा पाहिलंय. त्या सकाळी समोर कोणीच नव्हतं, नुसता ओला चिखल होता, आणि ह्यांच्या तोंडावर तेच समाधान होतं.